उन्हाळ कांदा, मे महिन्यातला पाऊस आणि २४ बाय ३० ची ताडपत्री : वापरून लिहिलेला रिव्ह्यू

ताडपत्री कोणती घ्यावी म्हणून ओळखीतले बरेच जण विचारतात, आणि दुकानात गेलं की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो साईज कोणती, दुसरा विचारतो कलर कोणता, मग बिल फाडायला घेतो. यापलीकडं बघायचं काय असतं ते कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय. ज्या ताडपत्रीबद्दल लिहितोय ती एचडीपीईची म्हणजे एका चिवट प्लास्टिकची विणलेली, दोन्ही बाजूंनी लॅमिनेशनवाली, निळी, २४ बाय ३० फूट, लेबलवर २५० जीएसएम (चौरस मीटरचं वजन, हिशोब पुढं देतो) छापलेली. तिच्यासोबत एक क्रॉस लॅमिनेटेड पण घेतली होती, पिवळी, २४ बाय १८, १२० जीएसएम. दोन्ही निफाड तालुक्यात आमच्या वावरात २०२५ च्या मे महिन्यात कांद्याच्या पोळीवर, म्हणजे वावरात घातलेल्या कांद्याच्या ढिगावर, होत्या. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तपासायच्या गोष्टी कुठल्याही कंपनीच्या मालाला त्याच आहेत, आणि एकाच कंपनीचे दोन लॉट पण सारखे निघतील याची खात्री नसते.

ज्यांचा कांदा त्या मे मधे वावरात होता त्यांना तो महिना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्याकडं वळीव म्हणजे कसं, दुपारपर्यंत अंगाची लाही, चारच्या सुमारास आभाळ काळं होणार, धुरळा उडणार, अर्धा पाऊण तास दणकून पडणार, गारा असल्या तर नुकसान करून जाणार, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत कडक ऊन. या हिशोबानीच आमचं सगळं काम चालतं, पाऊस आला की झाका, ऊन पडलं की उघडा. त्या वर्षी मे च्या पहिल्या आठवड्यातच सुरू झाला तो थांबेचना. रोज दुपारी विजा, रोज वारा, आणि महिन्याच्या उत्तरार्धात तर अरबी समुद्रात कोकण किनाऱ्याजवळ कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, त्याचं डिप्रेशन म्हणजे आणखी तीव्र क्षेत्र होऊन २४ मे ला रत्नागिरी-दापोलीच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं, त्याच दिवशी मान्सून केरळात पोचला आणि २६ ला मुंबई-पुण्यात. मुंबईत इतक्या लवकर मान्सून आल्याची नोंदच नव्हती आधी. कुलाब्याला मे महिन्याचा पाऊस २९५ मिमी झाला, १९१८ सालचा २७९.४ चा रेकॉर्ड मोडला. वरळीला आचार्य अत्रे चौकाचं नवं मेट्रो स्टेशन पाण्यात गेलं, बारामतीकडं निरा डाव्या कालव्याला भगदाड पडलं. देशभराचा हिशोब धरला तरी १९०१ पासूनचा सगळ्यात ओला मे हाच, सरासरी १२६.७ मिमी. आता विचार करा, रोहिणी निघायच्या आत, कृत्तिका नक्षत्रातच एवढं पाणी, आणि इकडं उन्हाळ कांदा अर्धा काढलेला, अर्धा जमिनीत. अशा वेळी ताडपत्री हीच काय ती आपल्या हातातली गोष्ट.

आता खरेदीचं. तालुक्याच्या गावात मार्केट रोडला जे दुकान आहे तिथं गेलो, शेठनी लेबल दाखवलं, २५० जीएसएम, एकदम जाड माल आहे भाऊ, हात लावून बघा. हात लावून जाडी कळत नाही, मला तरी कळत नाही, आणि ज्यांना कळते म्हणतात त्यांनाही लॅमिनेशनचा थर आणि आतली वीण यातला फरक हातानी सांगता येईल असं वाटत नाही. मी म्हटलं शेठ काट्यावर टाका. तो म्हणे ताडपत्री कोणी वजनावर घेतं का. मी म्हटलं घेत नसतील, पण टाका तर खरं.

हिशोब साधा आहे, मोबाईलवर एका मिनिटात होतो. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन, ग्रॅममधे. २४ गुणिले ३० म्हणजे ७२० स्क्वेअर फूट, त्याला ०.०९२९ नी गुणलं की ६६.९ चौरस मीटर. खरंच २५० जीएसएम असेल तर वजन १६ किलो ७०० ग्रॅमच्या आसपास भरायला पाहिजे. काट्यावर आली १३ किलो २००. भागाकार केला तर दोनशेच्या आत, १९७. मग टेप लावला, तर लांबी रुंदी दोन्ही अर्धा अर्धा फूट कमी, कारण कडा दुमडून शिवायच्या आधीचं माप लेबलवर छापतात. ते धरलं तरी २०५. म्हणजे २५० म्हणून विकतायत तो माल २०० चा. शेठ म्हणे लेबल कंपनीचं, आम्ही काय करणार. पण भाव कमी केला, अडीच हजाराच्या आत दिली. २०० जीएसएम काही वाईट नसते, पोळीसाठी पुरते, फक्त पैसे २०० चेच द्यायचे. आणि मला मनापासून वाटतं की प्रत्येक दुकानात ताडपत्री काट्यावर टाकूनच द्यायला पाहिजे. खताची गोणी आपण ५० किलोची म्हणून घेतो, त्यात दोन किलो कमी निघालं तर दुकान डोक्यावर घेतो, मग ताडपत्रीत किलोच्या किलो कमी निघतं ते का सोडायचं. शेतकरी माणूस वर्षातून एकदा घेणार, त्यातच फसणार, आणि कळणार कधी तर पाऊस डोक्यावर आल्यावर.

ही विणलेली ताडपत्री असते कशी ते पण बघून घ्या. आत प्लास्टिकच्या चपट्या पट्ट्यांची उभी आडवी वीण असते, ताकद तिच्यात, पण वीण पाणी अडवत नाही, पाणी अडवतं ते दोन्ही बाजूंचं पातळ लॅमिनेशन. म्हणून ताडपत्री फाटली नाही तरी गळू शकते, लॅमिनेशन घडीवर तडकलं किंवा खरवडलं गेलं की तिथून बारीक पाझर सुरू. दुकानात एक कोपरा उजेडाकडं धरून बघायचा, टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले की तो नग घ्यायचा नाही. आमच्या नगात ठिपके नव्हते, ही गोष्ट चांगली.

दुसरं म्हणजे कडा. माझ्या मते ताडपत्रीचा निम्मा जीव कडेत असतो आणि लोक नेमकं तिथंच बघत नाहीत. कड दुमडून आत नायलॉनची दोरी घातलेली पाहिजे, बांधायची दोरी ओवायच्या धातूच्या रिंगा या दोरीच्या आतल्या बाजूला ठोकलेल्या पाहिजेत, आणि कोपऱ्यांना जादा पट्टी पाहिजे. या ताडपत्रीत दोरी होती, कोपऱ्याला पट्टी होती, पण रिंगा ॲल्युमिनियमच्या हलक्या आणि तीन तीन फुटावर. पहिल्याच वादळात त्यातल्या काही निसटल्या.

ते कसं झालं ते सांगतो, कारण तिथं शिकण्यासारखं आहे. दुपारचे साडेतीन चार, मजूर बायकांचं कांदा कापायचं काम चाललेलं, नैऋत्येकडून आभाळ आलं आणि पाऊस यायच्या आधी वारा आला. एक बाजू बांधून झाली होती, दुसऱ्या बाजूची दोरी खुंटीला अडकवायची बाकी, तेवढ्यात ताडपत्री खालून फुगली आणि रिंगेच्या जागी कापड फाटून रिंग दोरीसकट हवेत. चौघं जण कड धरून ओढत होतो तरी उचलून नेत होती. माझा पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, त्यानी नंतर हिशोब करून दाखवला की ताशी ५० किलोमीटरचा वारा असला तर एका चौरस मीटरवर साधारण १२ किलोचा दाब येतो. म्हणजे अर्धी ताडपत्री जरी वाऱ्याला लागली तरी ३० चौरस मीटर धरा, साडेतीनशे किलोची ओढ. ती ओढ पाच सहा हलक्या रिंगांवर आली तर रिंग निघणारच, त्यात ताडपत्रीचा एकटीचा दोष मी म्हणणार नाही. हवामान खात्याचा इशारा तर त्या दिवसांत रोजच असायचा, ४० ते ५० किलोमीटर वेगाचे वारे, काही वेळा ५० ते ६०.

त्यावर आमच्या शेजारच्या आबांनी जे दाखवलं ते कुठल्याही रिंगेपेक्षा भारी. रिंगेत दोरी ओवायचीच नाही. ताडपत्रीच्या कडेपासून वीतभर आत एक गुळगुळीत गोटा खालच्या बाजूनी धरायचा, लिंबाएवढा, ताडपत्री त्याच्याभोवती गोळा करायची, आणि त्या गाठोड्याच्या मानेला दोरीचा फास आवळायचा. ओढ जेवढी वाढेल तेवढा फास घट्ट होतो, कापडाला भोक नाही म्हणून फाटायची सुरुवातच होत नाही, आणि जिथं पाहिजे तिथं बांधता येतं. फक्त गोटा धारदार नको, नाहीतर लॅमिनेशन कापतं. त्यानंतर पूर्ण पावसात आमची एकही गाठ सुटली नाही. आबा म्हणे, अरे बाळा, रिंगा तर आत्ता आल्या, आम्ही बापजाद्यापासून असंच बांधतो. खाली जमिनीला टेकणाऱ्या कडेवर मातीनी भरलेल्या गोण्या टाकल्या, दगड नाही टाकले, दगड वाऱ्यात घासतात आणि ताडपत्रीला भोकं पाडतात.

आता पाणी. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हवामान खातं २४ तासात ६४.५ मिमीच्या पुढं गेलं की जोरदार पाऊस म्हणतं. तेवढा पाऊस ६७ चौरस मीटरच्या ताडपत्रीवर पडला तर सव्वाचार हजार लिटरच्या वर पाणी होतं, म्हणजे एक छोटा टँकर तुमच्या पोळीवर ओतला. ते पाणी जाणार कुठं, हा विचार ताडपत्री टाकायच्या आधी करायचा. पोळ वरून सपाट असेल तर मधे खळगा पडतो, पाणी साचतं, वजनानी खळगा आणखी खोल होतो, आणि तिथल्या कांद्यावर पाण्याचं ओझं बसून तो दबतो. आम्ही पोळीच्या मधोमध बांबूचे दोन-दोन खांब कैची करून उभे केले आणि वर एक आडवा बांबू टाकला, त्यामुळं घराच्या छपरागत दोन्हीकडं उतार झाला. बांबूच्या टोकांना आणि पेरांना जुनी गोणपाटं गुंडाळली म्हणजे ताडपत्रीला लागत नाही. आणि दोन्ही बाजूंना हातभर रुंदीची चारी काढून ती वावराच्या उतारानी खाली बांधापर्यंत नेली. काळी जमीन, पाणी मुरत नाही, चारी नसेल तर वरून कोरडा आणि खालून ओला अशी गत होते. आमच्या भागात बऱ्याच जणांचा कांदा वरून भिजून गेलाच नाही, पोळीखाली पाणी घुसून गेला. खालचा हातभर थर सडला की वरचा पण वास घेतो. म्हणून खाली बाजरीचं सरमाड नाहीतर उसाचं पाचट टाकायचं आणि पोळ घालायची जागा वावरातल्या उंचवट्यावर धरायची.

एवढं पाणी अडवण्याच्या कामात या ताडपत्रीला मी पूर्ण मार्क देतो. गळाली नाही. सलग दोन-दोन दिवस रिपरिप चालली तरी आत एक थेंब वरून पडला नाही. पण आतून ओलं झालं, आणि हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून जरा थांबून वाचा.

कांदा काढला तरी जिवंत असतो, श्वास घेतो, उष्णता आणि वाफ सोडतो. त्यात खालची जमीन ओली, तिची पण वाफ. दिवसभर ताडपत्रीखाली गरम झालेली दमट हवा रात्री गार प्लास्टिकला लागली की तिचं पाणी होतं. सकाळी ताडपत्री उचलली तर आतल्या बाजूला सगळीकडं थेंब, हात फिरवला तर तळवा ओला, आणि वरच्या थरातल्या कांद्याची पत्ती मऊ पडलेली. नाकाला तो आंबूस वास आला की समजायचं. हाच घाम थेंब थेंब खाली पडतो, मग चार सहा दिवसात मानेपाशी काळी भुकटी दिसायला लागते, त्याला आमच्याकडं काजळी म्हणतात, काळी बुरशी. ज्या कांद्याची मान नीट वाळली नाही, पात हिरवी असताना कापला, त्याला आधी लागते. बरेच जण म्हणतात ताडपत्री खराब होती, गळाली, कांदा सडला. त्यातल्या निम्म्या जणांची ताडपत्री गळालीच नसणार असं मला वाटतं, घामानी सडला असणार.

यावर कुठल्याही जीएसएमचा उपयोग नाही, जाड घ्या पातळ घ्या, प्लास्टिक ते प्लास्टिक. उपाय एकच, हवा. पोळीची दोन्ही तोंडं मोकळी ठेवायची, फक्त लांबीच्या बाजू खालपर्यंत झाकायच्या, आणि तोंडं वाऱ्याच्या दिशेला येणार नाहीत अशी पोळच घालायची, म्हणजे पाऊस आत मारत नाही. बांबूमुळं ताडपत्री आणि कांदा यात हातभर पोकळी राहते, त्यातून हवा खेळते. कांद्यावर आधी वाळलेल्या पातीचा थर टाकायचा म्हणजे थेंब पडला तर पात पिते. आणि पाऊस उघडला, मग तो तासभर का उघडेना, ताडपत्री वर सारायची. त्या मे मधे तासभराची उघडीप पण मोठी वाटायची, आमच्याकडं घरातली सगळी माणसं ऊन पडलं की आधी पोळीकडं पळायची, वहिनी तर चुलीवरचं तसंच ठेवून यायच्या.

इथं ताडपत्रीच्या साईजचा मुद्दा येतो. ३० बाय ४० ची घ्या म्हणून दुकानदार मागं लागतात कारण चौरस फुटाला थोडी स्वस्त पडते. पण २०० जीएसएमची ३० बाय ४० म्हणजे वजन बावीस किलोच्या पुढं, ओली झाली की आणखी जड, ती दिवसातून चार वेळा काढायची घालायची तर चार माणसं लागतात. २४ बाय ३० दोन माणसं उचलतात. झाकणं सोपं असेल तरच माणूस वेळेवर झाकतो आणि वेळेवर उघडतो, हे लक्षात ठेवून साईज घ्या.

आता पिवळी, क्रॉस लॅमिनेटेड. हिच्यात वीण नसते, प्लास्टिक फिल्मचे थर एकमेकांवर तिरके चिकटवलेले असतात, त्यामुळं १२० जीएसएमला पण चांगली चिवट. वजन पाच किलोच्या आत, एकटा माणूस खांद्यावर टाकून नेतो. वजन मोजलं तर लेबलशी बरोबर जुळलं, ४ किलो ८०० ला थोडंसं कमी, म्हणजे इथं फसवणूक नाही. पाण्याला एकदम पक्की, भोक पडलं तरी चिरत पुढं जात नाही. हिची अडचण वाऱ्यात, हलकी असल्यामुळं सतत फडफडते, रात्रभर झोपू देत नाही आणि फडफडून बांबूवर घासते, त्या जागी पांढरट रेघा पडल्या. म्हणून आम्ही ही छोट्या पोळीवर आणि घराजवळच्या कांदा साठवायच्या चाळीच्या बाजूला वापरली. चाळ बाजूनी मोकळी असते हवेसाठी, पण तिरपा पाऊस आत मारतो, तिथं ही वरून गुंडाळून ठेवायची आणि पाऊस आला की पडद्यागत खाली सोडायची. त्या कामाला हिच्यासारखी दुसरी नाही. भाव चौरस फुटाला निळीच्या जवळपासच पडला, पण जिथं रोज काढघाल आहे तिथं मी हीच घेईन.

विजांबद्दल लिहिल्याशिवाय हा रिव्ह्यू पूर्ण होत नाही, कारण ताडपत्री झाकायची वेळ आणि वीज पडायची वेळ एकच असते. मोकळं वावर, हातात ओली दोरी, आसपास एखादं लिंबाचं झाड, माणसं पळतायत, यापेक्षा धोक्याची वेळ नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी नावाचं मोफत ॲप आहे, तुमच्या जागेपासून २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात कुठं वीज पडतीय ते त्यात दिसतं. आमचा नियम झाला होता की ४० च्या वर्तुळात विजा दिसायला लागल्या की कापणी थांबवायची आणि ताडपत्री ओढायला घ्यायची, २० च्या आत आल्या की हातातलं सोडून पक्क्या घरात जायचं, मग एक कड उघडी राहिली तरी राहू दे. मजूर बायकांना पण सांगून ठेवलं होतं, झाडाखाली जायचं नाही, शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर यायचं नाही. एकदा खरंच एक बाजू उघडी टाकून आलो, त्या बाजूचा कांदा भिजला, काही क्विंटल वेगळा काढून लगेच विकावा लागला, आणि त्याची मला अजिबात खंत नाही. कांदा दरवर्षी येतो.

टिकाऊपणाचं. जूनमधे ऊन परत आलं, मान्सून लवकर येऊन मे अखेरीला जागीच अडकला तो जूनच्या मध्यापर्यंत, तेव्हा ताडपत्र्या वाळवून ठेवायला वेळ मिळाला. निळीचा रंग वरच्या बाजूनी थोडा फिका झालाय, पण दुमडून चोळली तर कपचे पडत नाहीत, म्हणजे यूव्ही स्टॅबिलायझर, उन्हानी प्लास्टिक कडक होऊ नये म्हणून घालतात ते, थोडंफार तरी टाकलेलं आहे. ज्यात ते नसतं ती ताडपत्री एका उन्हाळ्यात कडक होते आणि बोटानी भुगा होतो, तसल्या एक दोन सिझनच्या स्वस्त ताडपत्र्या आमच्या बांधावर पडलेल्या आहेत, त्या तुकडे तुकडे होऊन मातीत मिसळतायत आणि बैलांच्या पोटात पण जातायत, म्हणून पण मी म्हणतो स्वस्तातली घेऊच नका. ठेवताना पूर्ण वाळवून, घडी न घालता बांबूवर गुंडाळून ठेवली, घडीवरच लॅमिनेशन तडकतं. आत कांद्याची पात, धान्याचा दाणा राहिला नाही ना ते झटकून बघायचं, नाहीतर उंदीर कुरतडतात आणि पुढच्या वर्षी उघडली की एका रांगेत भोकं. निसटलेल्या रिंगांच्या जागी दोन्ही बाजूंनी ताडपत्रीचाच तुकडा लावून शिवून घेतला, गावात बॅगा शिवणारा आहे त्यानी करून दिलं.

काही जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या सेस फंडातून पंचायत समितीमार्फत अनुदानावर ताडपत्री मिळते, कृषी विभागात चौकशी करून ठेवा, पण ती उन्हाळ्याच्या आधी करा, आणि अनुदानाची असली तरी काट्यावर टाकायला लाजू नका.

मार्क द्यायचे तर निळीला ५ पैकी साडेतीन. पाणी अडवलं, रिंगांच्या जागा सोडल्या तर फाटली नाही, ऊन सोसलं, त्याचे मार्क. अर्धा कापला लेबलच्या वजनासाठी, एक कापला रिंगांसाठी. पिवळीला चार, चाळीच्या बाजूला आणि छोट्या पोळीला. ज्याची पोळ मोठी आहे त्यानी एक मोठी घेण्यापेक्षा २४ बाय ३० च्या दोन घ्याव्यात, एकीवर एक दीड-दोन फूट चढवून टाकाव्यात, वरची कड वारा जिकडून येतो त्याच्या उलट दिशेला तोंड करून, म्हणजे वारा आणि पाणी फटीत शिरत नाही. मी येत्या हंगामासाठी अजून एक निळी घेणार आहे, त्याच दुकानातून घेईन, शेठनी काउंटरच्या बाजूला आता वजनकाटा आणून ठेवलाय.